ठाण्यातल्या जुन्या दफनभूमीत ‘जिवंत इतिहास’ फेरी काढायची आहे? सुरुवातीपासून सगळं

दिवाळी संपली की मला ठरलेले फोन येऊ लागतात. ‘मॅडम, तुम्ही ती दफनभूमीतली फेरी काढता ना, तशी आम्हालाही काढायची आहे. काय काय लागतं?’ कुणी कॉलेजच्या नाट्यमंडळातलं असतं, कुणी पॅरिशच्या तरुणांच्या गटातलं, कुणी नुसतंच ठाण्यावर जीव असलेलं. फोनवर अर्धा तास बोलूनही निम्मं राहून जातं, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवते.

मी नौपाड्यात राहते, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. आम्ही सहा जण मिळून ठाण्यातल्या एका जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत गेली काही वर्षं हिवाळ्यात या फेऱ्या काढतो. तिचं नाव इथे देत नाही. तिथे आजही दफनविधी होतात आणि फेरी नसताना लोकांनी उत्सुकतेपोटी आत शिरू नये, अशी तिथल्या मंडळींची विनंती आहे.

फेरीचं स्वरूप साधं आहे. वीसेक माणसं, एक वाटाड्या, सहा थांबे. प्रत्येक थांब्यावर थडग्याशेजारी त्या काळच्या वेशातलं कुणीतरी उभं असतं आणि तिथल्या माणसाच्या वतीने ‘मी’ म्हणून बोलतं. ‘मी जी.आय.पी. रेल्वेत गार्ड होतो. रात्रपाळीहून घरी आलो तेव्हा दारात शेजारीण उभी होती...’ पाच मिनिटं बोलणं, मग पुढचा थांबा. स्टॉकहोमच्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात १८९१ पासून जुन्या वेशातली माणसं जुनं जगणं दाखवतात. अमेरिकेतल्या कितीतरी जुन्या दफनभूम्यांमध्ये अशा फेऱ्या निघतात. आपल्याला हा प्रकार परका वाटायचं कारण नाही. कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा आख्यानातल्या माणसाच्या तोंडून बोलतात, तेव्हा वेगळं काय घडत असतं?

सगळ्याच्या आधी आमचा एक नियम सांगते, बाकीच्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत. दगडाखालच्या माणसाच्या तोंडी जे वाक्य घालाल, ते त्याच्या पणतवंडासमोर उभं राहून म्हणता आलं पाहिजे.

१. आधी नुसतेच जा, निदान चार वेळा

वही-पेन, कॅमेरा काही नको. सकाळी एकदा, भर दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा आणि रविवारी मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) सुटल्यावर एकदा. कोण येतं, कुठल्या कबरीवर ताजी फुलं असतात, कुठे सावली पडते, पाणी कुठे साचतं हे बघा. राखणदाराशी आणि कबर खोदणाऱ्या काकांशी बोला. कुठली शिळा आतून पोकळ झाली आहे आणि कुठला उभा दगड नुसत्या मातीच्या आधाराने उभा आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आमच्याकडे काकांनी पहिल्याच दिवशी एका देखण्या थडग्याकडे बोट दाखवून सांगितलं, ‘त्याच्यावर पाय नका देऊ, खाली गेलंय सगळं.’ आम्ही नेमका तिथेच पहिला थांबा धरला होता.

पावसाळ्यात जाऊ नका. ठाण्याच्या पावसात गवत कमरेएवढं वाढतं, शिळांवर शेवाळ चढतं आणि गवतात घोणस असू शकते. ऑक्टोबरअखेर गवत कापलं जातं. २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो, तेव्हा सगळी कुटुंबं कबरी साफ करून मेणबत्त्या लावायला येतात. कॅथलिकांकडे तो आख्खा महिनाच मृतांच्या स्मरणाचा. त्या दिवसांत फेरी अजिबात ठेवू नका, पण २ तारखेला संध्याकाळी परवानगी घेऊन एकदा तिथे जाऊन उभे राहा. आपण ज्याला इतिहास म्हणतो ते कुणाचं तरी घरचं माणूस आहे, हे त्या संध्याकाळी जसं कळतं तसं माझ्या सांगण्याने कळणार नाही.

फेरीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. वेळ सकाळी साडेसात किंवा दुपारी साडेचार.

२. परवानगी, आणि तीही कागदावर

जागा कुणाची आहे ते आधी नक्की करा. काही दफनभूम्या चर्चच्या, काही ट्रस्टच्या, काही महापालिकेच्या असतात. चर्चची असेल तर पॅरिश ऑफिसात फादरांना भेटा, महापालिकेची असेल तर प्रभाग समितीच्या कार्यालयात अर्ज करा. पहिल्याच भेटीत परवानगी मागू नका. काय करणार, किती माणसं येणार, कुणाच्या कबरीपाशी थांबणार हे एका पानावर लिहून द्या आणि त्यांना विचार करायला वेळ द्या.

सोबत हे कागद तयार ठेवा:

- तारीख, वेळ, माणसांची कमाल संख्या आणि जबाबदार व्यक्तीचं नाव असलेला अर्ज, दोन प्रतींत, एक प्रत शिक्का मारून परत घ्यायची
- थांब्यांचा हाताने काढलेला नकाशा
- प्रत्येक पात्राच्या संहितेची प्रत
- ज्यांचे वंशज सापडले त्यांचं संमतिपत्र
- स्थानिक पोलीस ठाण्याला दिलेल्या माहितीपत्राची पोच

तोंडी ‘हो हो, करा ना’ यावर कधीही विसंबू नका. पहिल्या वर्षी आम्हाला ज्यांनी होकार दिला होता, त्यांची फेरीच्या आठवडाभर आधी बदली झाली. नव्याने आलेल्यांना काहीच माहीत नव्हतं आणि आमच्याकडे कागद नव्हता. पंधरा माणसांना फोन करून ‘येऊ नका’ सांगावं लागलं.

कायद्याचंही थोडं. दफनाच्या जागी अनधिकाराने शिरून लोकांच्या भावना दुखावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे, पूर्वीच्या दंड संहितेत तो कलम २९७ मध्ये होता. तुमचा हेतू चांगला असला तरी हातात परवानगीचा कागद हवा तो याचसाठी. तिकीट लावून जाहीर नाट्यप्रयोग म्हणून करणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाला दाखवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आम्ही तिकीट लावत नाही आणि माइकही वापरत नाही. वीस माणसांना माइक लागत नाही. आवाज चढवला की जागेचा शांतपणा जातो, आणि तो गेला तर फेरीत उरतं काय?

३. कबरी निवडताना

पहिली यादी बारा-पंधरा कबरींची करा, शेवटी सहा ठेवा. नवख्यांचा हात नेहमी सगळ्यात मोठ्या, नक्षीच्या थडग्यांकडे जातो. ती बहुतेक साहेबांची असतात. तुमच्या सहाच्या सहा थांब्यांवर कलेक्टर, कॅप्टन आणि जज्ज उभे राहिले, तर ठाण्याची गोष्ट अर्धीच सांगून होते.

त्यासाठी ठाण्याचे थर माहीत हवेत. पोर्तुगीजांच्या काळात साष्टी बेटावर, म्हणजे ठाणं ज्याच्या काठी आहे त्याच बेटावर, चर्चं उभी राहिली. १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाणं मराठ्यांकडे आलं. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, आणि त्या हल्ल्यात त्यांचा कमोडोर वॉटसन प्राणघातक जखमी झाला. पुढे हाच किल्ला तुरुंग झाला. तुरुंगाजवळचं सेंट जेम्स चर्च १८२५चं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आली आणि तिच्या मागोमाग गार्ड, ड्रायव्हर, फिटर आणि त्यांची कुटुंबं आली. या सगळ्या थरांच्या खाली आणि मधून इथला मूळचा मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज आहे. त्याने १८८७ पासून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. सहापैकी निदान तीन थांबे या समाजाचे ठेवा, निदान दोन बायकांचे, आणि एक लहान मुलाचा. मुलांच्या कबरी इतक्या असतात की त्या वगळल्या तर खोटं बोलल्यासारखं होतं.

अलीकडची कबर घेऊ नका. आम्ही ७५ वर्षांची रेघ आखून घेतली आहे, तिच्या अलीकडची कबर नाही. वंशज स्वतः येऊन ‘आमच्या आजोबांचं सांगा’ म्हणाले तरच अपवाद.

एक सापळा हमखास येतो, तो म्हणजे ऐकीव दाव्यांचा. ‘पहिल्या गाडीचा ड्रायव्हर इथेच पुरलाय’ असं आम्हाला तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या कबरी दाखवून सांगितलं. कागद कुणाकडेच नव्हता, म्हणून आम्ही तिन्ही सोडल्या. तसंच १३२१ साली ठाण्यात मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंचं. टोलेंटिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती. त्यांची कबर दाखवा म्हणून लोक मागे लागतात. ती ठाण्यात नाही. जॉर्डेनस या त्यांच्या सहकाऱ्याने त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं आणि पुढे ओडोरिक या प्रवासी साधूने त्यांच्या अस्थी थेट चीनला नेल्या. ही हकिगत फाटकाबाहेर उभं राहून सांगा, लोक थक्क होऊन ऐकतात. पण कुठल्याही दगडाकडे बोट दाखवून सांगू नका.

४. दगड वाचणं

मला सगळ्यात आवडणारी पायरी हीच, त्यामुळे जरा लांबणार आहे.

सामान: मऊ ब्रश (रंगकामाचा जुना चालेल), स्वच्छ पाणी, स्पंज, मोठा आरसा, टॉर्च, वही, बसायला पाट. इतकंच. तारेचा ब्रश नको, अॅसिड नको, ब्लीच नको, साबणही नको. अक्षरं दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळणारे पुष्कळ भेटतील, त्यांना हात जोडून थांबवा. पिठावर बुरशी येते आणि खडू दगडाच्या छिद्रांत बसतो. कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेणंही भुगा होत असलेल्या दगडावर टाळा.

अक्षरं वाचायची ती तिरक्या उजेडात. आमच्याकडे एक संगमरवरी शिळा होती, तिच्यावर काहीच नाही असं आम्ही दोन महिने समजत होतो. एका सकाळी गटातल्या एकीने घरच्या कपाटाचा जुना आरसा आणला. दगडाच्या डावीकडे, अगदी कडेला धरून तिने ऊन आडवं पाडलं. आधी बारीक भोकांच्या रांगा दिसल्या, दोन-दोन, तीन-तीन. ही अक्षरं कोरलेली नव्हती, शिशाची बसवलेली होती. शिसं गळून गेलं आणि ते अडकवायला पाडलेली भोकं तेवढी राहिली. त्या भोकांवरून आम्ही एकेक अक्षर वहीत काढत गेलो. दीड तासाने ओळ लागली: रेल्वे गार्डाची बायको, वय २३. आणि तिच्या खाली, आणखी लहान भोकांत, तिची मुलगी, वय १९ दिवस. आरसा धरणारीचा हात भरून आला होता, तरी तिने तो खाली ठेवला नाही. ती शिळा आज आमचा चौथा थांबा आहे.

वाचताना अडतील असे काही शब्द देते. पोर्तुगीज शिळांवर ‘आकी जाझ’ म्हणजे ‘इथे विसावला आहे’, ‘सेपुल्तुरा’ म्हणजे कबर, आणि ‘इ दे सेउस एर्देइरोस’ म्हणजे ‘आणि त्याच्या वारसांची’. पुढच्या पिढ्याही त्याच कबरीत पुरल्या जाणार, असा त्याचा अर्थ. इंग्रजी दगडांवर ‘रेलिक्ट’ म्हणजे विधवा, ‘ईटाटिस’ किंवा नुसतं ‘ईट.’ म्हणजे वय, ‘एन.आय.’ म्हणजे नेटिव्ह इन्फन्ट्री (देशी शिपायांचं पायदळ), ‘बी.सी.एस.’ म्हणजे बॉम्बे सिव्हिल सर्व्हिस, ‘एच.ई.आय.सी.एस.’ म्हणजे कंपनी सरकारची नोकरी. मोडका खांब म्हणजे अकाली गेलेलं माणूस, कोकरू म्हणजे मूल, जहाजाचा नांगर म्हणजे आशा, उलटी मशाल म्हणजे विझलेलं आयुष्य. कवटी आणि हाडं दिसली की लोक चाचेगिरीच्या गोष्टी रचतात. ते मरणाची आठवण करून देणारं जुनं धार्मिक चिन्ह आहे, बाकी काही नाही.

जागेच्या टंचाईमुळे मुंबई-ठाण्याकडे साध्या कबरी काही वर्षांनी पुन्हा वापरतात आणि आधीच्या अस्थी भिंतीतल्या निशमध्ये (कोनाड्यासारख्या खणात) ठेवतात. त्यामुळे दगड आहे तिथेच माणूस आहे असं गृहीत धरू नका, आणि निशांच्या भिंती वाचायला विसरू नका. आमचे दोन थांबे आम्हाला भिंतीत सापडले.

५. कागद शोधणं

दगडावर नाव आणि तारीख मिळते. माणूस मिळतो तो दफन नोंदवहीत. पॅरिशच्या जुन्या वह्यांमध्ये वय, धंदा आणि कधी कधी मरणाचं कारणही असतं. वही घरी नेण्याची किंवा फ्लॅश टाकून फोटो काढण्याची परवानगी मागू नका. तिथेच बसून पेन्सिलीने उतरवा. पेन वहीच्या जवळपासही नको.

याशिवाय १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर बघा. खंड १३ दोन भागांत आहे आणि खंड १४ मध्ये गावांची माहिती. मुंबईला पुराभिलेख विभागात सरकारी दप्तर आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती दफनांच्या नोंदी ‘एन ३’ या मालिकेत आहेत, आणि ब्रिटिश काळातल्या कुटुंबांच्या नोंदी शोधून देणारी फिबिस ही संस्था आपली सूची इंटरनेटवर फुकट शोधू देते. मराठी बाजूसाठी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच, १८९३ पासूनचं.

शोधताना ठाण्याचं स्पेलिंग बदलत राहा. आजचं स्पेलिंग घालून जुन्या कागदात काही मिळत नाही. ‘ना’च्या जागी दोन एन आणि शेवटी एच असलेलं ‘टॅना’, मग ‘थाना’, मग ‘ताना’ अशा सगळ्या रूपांनी शोधा. आडनावांचंही तेच.

६. संहिता लिहिणं

पहिला मसुदा झाला की आम्ही तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसतो. कागदावरून किंवा दगडावरून आलेलं वाक्य निळं. त्या काळाबद्दल खात्रीचं पण या माणसाबद्दल नोंद नसलेलं ते हिरवं. आपल्या मनाचं ते लाल. लाल वाक्य राहू शकतं, पण त्यात कुणाची नालस्ती नको, घटना नको, तारीख नको. भावना चालते. ‘त्या रात्री मला झोप लागली नाही’ हे लाल आहे आणि चालतं. ‘त्या रात्री मी नवऱ्याशी भांडले’ हे लाल आहे आणि चालत नाही.

ही पद्धत आम्ही एका चुकीनंतर सुरू केली. दुसऱ्या वर्षी एका बेकरीवाल्यांची कबर घेतली होती. चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगितलं होतं की प्लेगात त्यांनी पिठाचा साठा करून भट्टी बंद ठेवली. गोष्ट नाट्यमय होती, आम्ही घेतली. रंगीत तालमीच्या दिवशी आमचा मुलगा ते वाक्य म्हणत असताना मागे एक आजी झेंडूची माळ आणि मेणबत्ती घेऊन उभ्या होत्या. बोलणं संपेपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, ‘तो माझ्या आयेचा आजा. भट्टी बंद होती ती घरातली दोन पोरं गेली म्हणून. पीठ कसलं?’ आम्ही त्याच संध्याकाळी नोंदवही पुन्हा मागितली. १८९८ च्या पानावर तेच आडनाव दोनदा होतं, चार दिवसांच्या अंतराने, वयं सहा आणि नऊ. आम्ही बेकरीवाल्यांची नोंद वाचली होती, पण त्याआधीची पानं उलटली नव्हती.

आजींनी आम्हाला माफ केलं, आणि आता तो थांबा त्यांच्याच शब्दांत आहे. कायद्याच्या नजरेनेही हे लहान नाही. मृत व्यक्तीच्या नावाला बट्टा लावणारं आणि तिच्या घरच्यांना दुखावणारं विधान बदनामी ठरू शकतं, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये ते स्पष्टच आहे. पण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला कायदा आठवला नव्हता.

काळाच्या चुका दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या, स्वतःच्या स्वतःला दिसत नाहीत. आमच्या मसुद्यांत सापडलेल्या काही:

- १८६० मध्ये वारलेला माणूस ‘डास चावून हिवताप झाला’ म्हणत होता. डासांचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिद्ध केला. त्याआधी सगळे खाडीवरच्या वाईट हवेला दोष देत.
- १८५३ च्या पावसाळ्यात गेलेली बाई रेल्वेने कल्याणला माहेरी जात होती. कल्याणपर्यंत गाडी सुरू झाली १ मे १८५४ ला.
- हिशेबात ‘पन्नास पैसे’ होते. दशमान पैसे १९५७ चे, त्याआधी रुपयाचे सोळा आणे.

भाषा मराठीच ठेवा, दगड इंग्रजी असला तरी. यावर आमच्यात वाद झाला होता, तेव्हा मी १८१६ ची गोष्ट काढली. पेशव्यांचे त्र्यंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यात इंग्रजांच्या कैदेत होते. त्यांच्या सुटकेचा बेत खिडकीखाली घोड्याची निगा राखणाऱ्या एका मोतद्दाराने मराठी गाण्यातून कळवला. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना एक अक्षर समजलं नाही, आणि सप्टेंबरातल्या एका रात्री त्र्यंबकजी निसटले. या गावाचं खरं बोलणं नेहमी मराठीतच चालत आलं आहे, दप्तर कुठल्याही भाषेत असो. ईस्ट इंडियन पात्रांची बोली मात्र वेगळी आहे. ती त्या समाजातल्याच कुणाकडून लिहून घ्या आणि शक्यतो त्यांच्यापैकीच कुणाला उभं करा. आपण नक्कल करायला गेलो तर ती चेष्टा वाटते.

७. पात्रं आणि कपडे

उत्तम नट शोधू नका, ऐकवणारा माणूस शोधा. आमच्या गार्डाचं काम रेल्वेतूनच निवृत्त झालेले एक गृहस्थ करतात. ते फार बोलत नाहीत, पण कंदील उचलतात तो असा उचलतात की लोक गप्प होतात.

ड्रेपरीवाल्याकडून लाल कोट आणि पिसांची टोपी आणू नका. पोरं हसतात, आणि त्या दगडापाशी हसू येणं बरं नव्हे. एकेकाला एकच खरी वस्तू द्या: गार्डाला कंदील, सुईणीला पितळेचं घंगाळं, मास्तरांना पाटी. बाकी साधा पांढरा सदरा किंवा जुनं लुगडं. ईस्ट इंडियन बायकांचं लुगडं नेसायची तऱ्हा वेगळी असते, ती शिकून घ्या.

८. ज्यू दफनभूमीचा विचार असेल तर

ठाण्यात बेने इस्राएली समाज मोठा आहे, टेंभी नाक्याजवळचं सिनेगॉग १८७९ चं. त्यांच्या शिळांवर हिब्रू, मराठी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी दिसतात. रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी कोकणातल्या गावांवरून पडलेली आडनावं देवनागरीत कोरलेली पाहून कुणाही मराठी माणसाला भरून येईल. पण तिथे वेशातली पात्रं उभी करू नका. समाजातल्या जाणत्या माणसाने दगडाशेजारी उभं राहून बोलावं, एवढंच योग्य. शनिवारी आणि सणांना जायचं नाही. पुरुषांनी डोकं झाकायचं. फुलांऐवजी लहान खडा ठेवतात, आणि बाहेर पडताना हात धुतात. कोहेन (पुरोहितांच्या) घराण्यातले पुरुष परंपरेने दफनभूमीत येत नाहीत, तेव्हा कुणी फाटकाबाहेरच थांबलं तर आग्रह करू नका. दगडावर हिब्रू साल हजाराचा अंक गाळून लिहिलेलं असेल तर त्यात १२४० मिळवा: ६४० म्हणजे इसवी १८८०. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंतची तारीख असेल तर एक वर्ष कमी धरा.

९. फेरीचा दिवस

आदल्या संध्याकाळी फोन करून दफनविधी आहे का विचारा. असेल तर फेरी रद्द. पुढे ढकलणं नाही, ‘कोपऱ्यातून गुपचूप’ नाही, रद्द. हे नोंदणी करतानाच लोकांना सांगून ठेवा.

वीसपेक्षा जास्त माणसं घेऊ नका. पुढे वाटाड्या, मागे एक जण शेवटच्या माणसाबरोबर. बंद बूट, पाण्याची बाटली, संध्याकाळच्या फेरीला डासांचं मलम. फाटकावर तीनच सूचना: शिळेवर पाय किंवा पिशवी ठेवायची नाही, दगडाला टेकायचं नाही, नव्या कबरींचे फोटो काढायचे नाहीत. दगडाला टेकायचं नाही हे मुलांना दोनदा सांगा. उभी शिळा दिसते त्यापेक्षा खूप जड असते आणि तिचा पाया पावसाने कधी सुटलेला असतो ते कळत नाही.

‘सुतक लागेल का’, ‘अमावस्या तर नाही ना’ असं कुणी विचारलं तर हसू नका. ज्याला आत यायचं नाही त्याला फाटकाशी खुर्ची द्या. आणि भुताखेतांच्या गोष्टी फेरीत एकही नको. एका वर्षी कुणीतरी आमचा निरोप ‘झपाटलेली फेरी’ म्हणून पुढे पाठवला आणि तीस पोरं मोबाइलचे दिवे घेऊन आली. आम्ही फाटकावरच नम्रपणे सांगितलं की तसं काही नाही. अकरा जण तरीही थांबले, आणि ती अकरा जणं फार मन लावून ऐकत होती.

एकूण सव्वा तास. चौथ्या-पाचव्या थांब्यानंतर दोन मिनिटं कुणीही बोलू नये अशी जागा ठेवा. मुलीच्या शिळेनंतर आम्ही ती ठेवतो.

१०. संपल्यावर

मेणबत्त्यांचे बुडखे, बाटल्या, कागद उचला. आपण आणलेले आणि आपण न आणलेलेही. ऐच्छिक वर्गणी जमली असेल तर ती गवत कापण्यासाठी द्या, पावती घ्या. उतरवलेल्या सगळ्या शिळालेखांची एक टाइप केलेली प्रत पॅरिश ऑफिसात किंवा ट्रस्टकडे ठेवा, प्रत्येक दगडाच्या जागेच्या खुणेसह. दर पावसाळ्यात एक-दोन ओळी पुसल्या जातात. गेल्या वर्षीची आमची यादी आज काही दगडांपेक्षा जास्त वाचता येते.

लोक पांगल्यावर लगेच निघू नका. अर्धा तास फाटकापाशी बसा. कुणीतरी मागे राहतं, चार पावलं जातं, परत येतं आणि म्हणतं, ‘आमच्या घरात एक जुनी वही आहे.’ पुढच्या वर्षीचा थांबा आम्हाला बहुतेक वेळा तिथेच मिळतो.